फ्रेम मोजता, तास कधी मोजणार?

हातात मावणारा गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सेकंदाला फ्रेम किती मिळतात?’ दुकानदार आकडा सांगतो, मित्र त्याहून मोठा आकडा सांगतो, यूट्यूबवरचा परीक्षक आलेखच काढून दाखवतो.

‘तुम्हाला वेळ किती मिळतो?’ हे मात्र कोणीच विचारत नाही.

ऑफिस, लोकल, मुलांचा अभ्यास, आईची औषधं. हे सगळं उरकल्यावर रात्री साडेदहाला जो अर्धा तास उरतो, त्याच्यासाठी हे यंत्र आहे. टेबलावरचा पीसी सुरू करून बसायचं त्राण नसतं. टीव्ही घरात एक आणि माणसं पाच. अशा घरात पलंगाच्या कडेला बसून, कोणाला त्रास न देता खराखुरा पीसी गेम खेळता येणं ही मोठी सोय आहे. पण तो अर्धा तास अपडेटची पट्टी सरकताना बघण्यात गेला तर?

असा किती वेळ जाईल, हा आकडा खोक्यावर छापत नाहीत.

आधी वस्तू नीट ओळखू या. हा मोठा मोबाइल नाही आणि निन्टेन्डो स्विचसारखा बंद कन्सोलही नाही. हा सगळ्या अंगांनी संगणक आहे. एएमडीचा किंवा इंटेलचा प्रोसेसर, सोळा जीबी किंवा जास्त मेमरी, एसएसडी, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना बटणं नि जॉयस्टिक. कीबोर्ड-माउस जोडा, मॉनिटर जोडा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करा. सगळं चालतं.

म्हणूनच तो हवासा वाटतो. आणि म्हणूनच तो डोकं खातो.

कन्सोलची व्यवस्था कंपनी बघते. संगणकाची व्यवस्था मालकाने बघायची असते. विकताना हे कोणी सरळ सांगतं का?

कल्पना तशी जुनी. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ‘ओरिगामी’ या नावाने छोट्या संगणकांचा मोठा गाजावाजा केला होता. चीनच्या जीपीडी कंपनीने २०१६ मध्ये ‘विन’ नावाचं घडीचं यंत्र काढलं. हौशी लोकांनी घेतलं, बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते २०२२ च्या फेब्रुवारीत, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकने. किंमत ३९९ डॉलरपासून. सात इंची पडदा, रेझोल्यूशन १२८० बाय ८००, चिपला कमाल १५ वॉट. कागदावर यात दिपून जावं असं काही नव्हतं.

मग डेक जिंकला कशावर? झोपेवर.

पॉवरचं बटण एकदा दाबा, खेळ आहे तिथे थांबतो आणि यंत्र झोपतं. दुधाची पिशवी घेऊन या, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून या. पुन्हा बटण दाबा. काही सेकंदांत तलवार त्याच उंचीवर उगारलेली. सेव्ह पॉइंट शोधायला नको, मेनूतून पुन्हा आत शिरायला नको. वीस मिनिटं मिळाली तर वीसच्या वीस मिनिटं खेळात जातात. ज्याला दिवसातून एवढीच फुरसत आहे, त्याच्यासाठी हे एक बटण साठ फ्रेमपेक्षा मोलाचं आहे.

जाहिरातीत ते बटण दिसतं का?

डेकमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती चिपची नाही. २०१५ मध्ये व्हॉल्व्हने इतर कंपन्यांना हाताशी धरून ‘स्टीम मशीन’ बाजारात आणलं. टीव्हीखाली ठेवायचा गेमिंग संगणक. आत विंडोजऐवजी लिनक्स. खेळ मात्र बहुतेक सगळे विंडोजसाठी लिहिलेले. ग्राहकाने साधा प्रश्न केला, यावर खेळू काय? उत्तर नव्हतं.

मशीन बुडालं. प्रश्न मात्र व्हॉल्व्हने सोडला नाही.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ पासून चालू होता, बराचसा स्वयंसेवकांच्या चिकाटीवर. त्याला जोड मिळाली ‘डीएक्सव्हीके’ची. विंडोजच्या खेळांचे चित्र काढण्याचे आदेश व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलून देणारा हा प्रोग्रॅम. तो लिहायला घेतला फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरने, कारण त्याला ‘निअर: ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. व्हॉल्व्हने त्याच्या कामाला पैसा पुरवला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हे सगळं एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ बाहेर आलं. खेळ विंडोजचा, खाली जमीन लिनक्सची, आणि खेळाला त्याचा सुगावाही नाही.

एका माणसाला एक खेळ खेळायचा होता. त्या हट्टावर आज अख्खा बाजार उभा आहे.

डेकमध्येही लिनक्सच आहे, स्टीमओएस नावाचं. लिनक्स म्हटलं की ज्यांना कॉलेजच्या लॅबमधला काळा पडदा आठवतो, त्यांनी डेक एकदा हातात घ्यावा. सुरू केला की खेळांची यादी. टर्मिनल उघडायची वेळ येत नाही. आणि ज्याला उघडायचं आहे त्याच्यासाठी पॉवर मेनूतून एका टिचकीवर पूर्ण डेस्कटॉप हजर, कोणालाही न विचारता हवं ते टाकायला मोकळीक. सोय आणि मोकळीक एकाच यंत्रात क्वचितच नांदतात.

डेक चालला म्हटल्यावर बाकीचे धावले. आसुसने २०२३ मध्ये आरओजी अ‍ॅलाय आणला. भारतात तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. १०८० रेझोल्यूशनचा, १२० हर्ट्झचा पडदा आणि डेकपेक्षा जोरकस चिप. त्याच वर्षी लेनोव्होचा लीजन गो आला. पडदा ८.८ इंची, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होणारे, त्यांच्यासकट वजन ८५४ ग्रॅम. पलंगावर उताणं पडून ८५४ ग्रॅम हातांवर तोलून बघा, मग पडद्याच्या मोठेपणाविषयी बोलू.

पडद्यावरून आठवलं. लीजन गोचं रेझोल्यूशन २५६० बाय १६००. म्हणजे डेकच्या बरोबर चौपट पिक्सेल. ते चौपट पिक्सेल रंगवायची ताकद बॅटरीवरच्या चिपमध्ये नाही. म्हणून जड खेळ लावला की जाणते लोक पहिलं काम करतात ते रेझोल्यूशन खाली आणण्याचं.

चौपट विकत घ्यायचं, वापरायचं पाव. हा हिशेब कोणाच्या फायद्याचा?

पण या दोन्ही यंत्रांची खरी अडचण आत होती. विंडोज ११. विंडोज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते माउससाठी घडलेलं आहे. सात इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने ‘नेक्स्ट’ टिपत बसणं हे विंडोजलाही जमत नाही आणि अंगठ्यालाही.

पहिली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. खोकं उघडलं. वाय-फायचा पासवर्ड, पडद्यावरच्या कीबोर्डवर. मायक्रोसॉफ्टचं खातं, त्याचा पासवर्ड, मोबाइलवर आलेला कोड. विंडोजचे अपडेट. रीस्टार्ट. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपचा अपडेट. बायोसचा अपडेट, त्यासाठी चार्जर लावा. ग्राफिक्स ड्रायव्हर. पुन्हा रीस्टार्ट. मग खेळांची ऑनलाइन दुकानं: स्टीम, मग एपिक, मग एक्सबॉक्स. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. शेजारी बसलेलं पोर विचारतं, ‘बाबा, गेम कधी सुरू होणार?’

उद्या.

हे टाळता येत नाही, पण आवरता येतं. यूएसबी-सी हबला साधा कीबोर्ड आणि माउस जोडा, आणि सगळी मांडणी सुट्टीच्या सकाळी उरका. ज्या दिवशी खेळायचं ठरवलंय त्या दिवशी मांडणी काढू नका. आणि विंडोजवर असाल तर पॉवरच्या बटणाला ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ नेमून द्या. जागं व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. पण बॅगेत ठेवलेलं यंत्र आपोआप जागं होऊन, पंखा फिरवत, कोणी खेळत नसताना बॅटरी संपवून बसणार नाही.

विंडोजच्या झोपेचं हे दुखणं लॅपटॉपवालेही वर्षानुवर्षं सोसताहेत. लॅपटॉपला निदान टेबल असतं. हातातलं यंत्र बॅगेतच राहतं. त्याची झोप मोडली की सगळंच मोडलं.

मायक्रोसॉफ्टलाही अखेर हे कळलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आसुसबरोबर काढलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅलायमध्ये डेस्कटॉप मागे ठेवून थेट खेळांच्या पडद्यावर उतरायची सोय दिली. डेक येऊन साडेतीन वर्षं झाली होती. तोवर लेनोव्होने दुसरी वाट धरली होती. २०२५ च्या मे महिन्यात लीजन गो एस स्टीमओएससह विकायला काढला. व्हॉल्व्हबाहेरचं, अधिकृत स्टीमओएस असलेलं पहिलं यंत्र. त्याच यंत्राची विंडोज आवृत्तीही होतीच. तंत्रसमीक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा बरेचसे खेळ स्टीमओएसवर अधिक वेगाने धावले.

विंडोजसाठी लिहिलेले खेळ. विंडोज काढून टाकल्यावर वेगवान.

आता बॅटरी. इथे लोक जाहिरातीवर विश्वास ठेवतात आणि भागाकार विसरतात. पहिल्या डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. ओएलईडी डेकची ५०. पहिल्या अ‍ॅलायची पुन्हा ४०, आणि ओरड झाल्यावर आलेल्या अ‍ॅलाय एक्सची ८०. पहिल्या अ‍ॅलायच्या चिपला २५ वॉट दिले आणि वर पडदा, पंखा, वाय-फाय धरलं, तर तीसच्या आसपास खर्च होतो. ४० भागिले ३०. एक तास वीस मिनिटं. सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीनमध्ये बसून सुरू केलंत, तर लोणावळा सोडून गाडी घाटात शिरते आणि यंत्र मान टाकतं. दादर अजून लांब आहे.

मोठी पॉवर बँक हा यावरचा उपाय नव्हे. उपाय आहे कमी मागणं.

तीस फ्रेमला एकेक चित्र ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. साठ फ्रेमला १६.७. या दोहोंचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, आणि तो येतो चाळीस फ्रेमला. आकड्यांत चाळीस हा तिसाचा शेजारी वाटतो. डोळ्याला मात्र तो साठाच्या अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो. डेकवर बाजूच्या मेनूतून फ्रेमची मर्यादा चाळीसवर आणता येते, चिपचे वॉट खाली ओढता येतात. अनेक खेळ नऊ-दहा वॉटमध्ये गुण्यागोविंदाने चालतात. पंख्याचा आवाज बसतो, हात भाजत नाहीत, खेळ लांबतो.

या यंत्रात करण्यासारखा सगळ्यात मोलाचा बदल फुकट आहे. म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आणि जडच खेळ कशाला हवेत? ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने, एरिक बॅरोनने, एकट्याने बनवला. २०१६ पासून जग त्यात शेती करतंय. असा खेळ डेकवर पाच-सहा तास सहज चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे हातातल्या छोट्या पडद्यासाठी घासूनपुसूनच आला. मग पीसीवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या यादीत त्याला नामांकन होतं. लहान भाऊ गोलूला सोडवायला निघालेली मुलगी, मागे राजवाडे, भिंतींवर पुराणकथांची चित्रं.

सत्तर हजारांच्या यंत्रावर पुण्यात बनलेला खेळ लावलाय असं किती जणांकडे दिसतं?

दिसतं ते वेगळंच. यंत्र घेतल्यापासून मालक खेळतच नाही, मांडतो. डेकवर डेकी लोडर हा जोड-प्रोग्रॅम टाकला, त्यातून रंगसंगती बदलली, सुरू होतानाची चित्रफीत बदलली. लीजन गोवरचं विंडोज पुसून बझाइट नावाचं लिनक्स टाकलं. इम्यूडेक टाकून जुन्या कन्सोलच्या हजारो खेळांनी कार्ड भरलं, त्यातले बहुतेक कुठून आले ते न विचारलेलं बरं. प्रत्येक खेळाचं मुखपृष्ठ शोधून लावलं. सगळं सुरेख. मग पहिला खेळ दहा मिनिटं चालवला, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघितला, बंद केला आणि पुन्हा सेटिंगमध्ये.

मांडणीचा आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. यंत्राच्या आत डोकावण्याचं कुतूहल फार चांगलं, त्यातूनच पोरं प्रोग्रॅमर होतात. पण ज्या माणसाने ‘मला खेळायला वेळच मिळत नाही’ म्हणून हे घेतलं, त्याचे सगळे शनिवार मांडणीत गेले असतील, तर आधी कोपऱ्यातला तो फ्रेमचा आकडा बंद करावा.

आकडा दिसेनासा झाला की खेळ दिसायला लागतो.

जागेचा प्रश्न वेगळाच. ‘बॉल्डर्स गेट ३’ला १५० जीबी लागतात. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तो उतरवायला बसलात तर शंभर दिवस, आणि त्या शंभर दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा उघडायचं नाही. तालुक्याच्या गावात फायबर पोचलं नसेल तर या यंत्राचं अर्धं आयुष्य डाउनलोडमध्ये जातं. कमी जागेचा, स्वस्तातला डेक आणून वर एसडी कार्डांची रास लावणाऱ्यांना सांगतो, लहान खेळ कार्डावरूनही उत्तम चालतात, मोठे एसएसडीवर ठेवा.

दुसरीकडे, त्याच गावात लोडशेडिंग असेल तर टेबलावरचा गेमिंग पीसी निव्वळ शोभेचा. हातातलं यंत्र मात्र वीज येईपर्यंत दम धरतं. एवढं उघड कारण आपल्याकडे या यंत्राच्या बाजूने कोणी का मांडत नाही?

आता पालकांसाठी. मुलगा म्हणतोय ‘हँडहेल्ड पीसी हवा’. विचारा, कशासाठी? उत्तर ‘व्हॅलोरंट’ आलं तर पाकीट खिशात ठेवा. त्या खेळाची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते, लिनक्सवर ती चालत नाही. म्हणजे स्टीमओएस बाद. मग विंडोजवालं यंत्र घ्यावं, तर पीसीवरचा व्हॅलोरंट कंट्रोलरने खेळता येत नाही. कीबोर्ड-माउस हवाच. ‘फोर्टनाइट’ स्टीमओएसवर नाही. ‘एपेक्स लेजंड्‌स’ चालायचा, २०२४ च्या अखेरीस लिनक्सवाल्यांना दार बंद झालं.

हातातलं यंत्र घेऊन त्याला टेबलावर कीबोर्ड जोडायचा असेल, तर त्याच पैशात लॅपटॉप येतो. आणि त्यावर अभ्यासही होतो.

व्हॉल्व्ह आपल्या स्टीम या दुकानात खेळापुढे शेरा देते. डेकवर तपासलेला, खेळण्याजोगा, न चालणारा. विकत घेण्याआधी तो शेरा बघायला दहा सेकंद लागतात. ऑनलाइन भांडायला दहा दिवस.

आता मालकीचं बोलू, कारण ‘माझं यंत्र’ म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. यंत्र तुमचं आहे. डेक बाजारात यायच्या आधी, २०२१ मध्ये, व्हॉल्व्हनेच एक चित्रफीत काढून तो आतून उघडून दाखवला. उघडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण आमचा सल्ला विचाराल तर उघडू नका, असं सरळ सांगून. पुढे बाहेरच्या कवचाचे आराखडे खुले केले, आयफिक्सिट या दुरुस्तीच्या संकेतस्थळामार्फत सुटे भाग विकायला काढले. एसएसडी २२३० मापाची आहे, ती घरी बदलता येते. उघडण्याआधी एसडी कार्ड बाहेर काढा. ते आत राहिलं तर मागचं कवच निघताना कार्डाचे दोन तुकडे होतात. जगभर असंख्य लोकांनी ते करून बघितलंय.

असा हक्क देणाऱ्या कंपनीचं मनापासून कौतुक केलं पाहिजे. बाकीच्यांकडे तो मागितला पाहिजे.

खेळ मात्र तुमचे नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरताना स्पष्ट लिहिलेलं येतं की तुम्ही विकत घेताय तो परवाना. आधीही तेच होतं, आता वाचायला मिळतं एवढंच. ज्यांना खेळाची फाइल स्वतःच्या डिस्कवर कायमची हवी, त्यांनी जीओजी या ऑनलाइन दुकानातून खेळ घ्यावेत. तिथे कुलूप नसलेले इन्स्टॉलर मिळतात. डेकवर ‘हिरोइक’ नावाचा लाँचर टाकला की तेही नीट चालतात. थोडी जास्त मांडणी, पण ही मांडणी सत्कारणी लागते.

राहता राहिला आपला देश. स्टीमवर खेळ २०१५ पासून रुपयांत मिळतात. डेक मात्र व्हॉल्व्ह भारतात अधिकृतपणे विकत नाही. जपानला विकते, कोरियाला विकते, ऑस्ट्रेलियाला २०२४ मध्ये विकायला लागली. आपल्याकडे खेळ घेणारे आहेत, हे त्यांच्या दुकानातल्या रुपयाच्या किमतीच सांगतात.

आमचा रुपया चालतो, मग आमचा पत्ता का चालत नाही?

मग मार्ग उरतात दोन. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानांतून. ‘मामा, आणतो मी’ म्हणणाऱ्या भाच्याला आधी कस्टम्सचे नियम वाचायला सांगा. दुकानातून घेताना जास्तीचे पैसे द्यावे लागणार हे गृहीत धरा. दोन्हीकडे वॉरंटी परदेशात राहते. जॉयस्टिक आपोआप एका बाजूला सरकायला लागली तर पार्सल समुद्र ओलांडून जाणार. अ‍ॅलाय आणि लीजन गो इथे अधिकृत मिळतात, बिल मिळतं, सर्व्हिस सेंटरही मिळतं. सोपं यंत्र इथे विकत नाहीत आणि इथे विकतात त्याची मांडणी अवघड. भारतीय ग्राहकाची ही कोंडी ना व्हॉल्व्हला टोचते ना मायक्रोसॉफ्टला.

लीजन गो किंवा अ‍ॅलायवर स्वतः बझाइट टाकून ही कोंडी फोडता येते, आणि अनेकांनी फोडली आहे. ज्याला पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सवय आहे त्याने जरूर करावं. बाकीच्यांनी तो उद्योग येणारा मित्र आधी गाठावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. कोणती कंपनी काय दुरुस्त करून देते, सुटे भाग कुठे मिळतात, हे एका ठिकाणी कळावं हा हेतू. हेतू चांगला आहे. तुम्ही घेताय त्या यंत्राचं नाव तिथे शोधा.

आणि दुकानात गेलात की फ्रेम विचारू नका, त्या यूट्यूबवर आहेत. यंत्र हातात घ्या, मनगट किती वेळ टिकतं बघा. एखादा खेळ सुरू करायला लावा, मध्येच पॉवरचं बटण दाबा, पाच मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा, पुन्हा दाबा. मग विचारा की दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरली तर नवी मिळेल का, किती रुपयांना, ती देशात असते की बाहेरून मागवावी लागते, आणि तोवर यंत्र किती आठवडे तुमच्याकडे पडून राहणार. जे उत्तर मिळेल ते बिलामागे लिहून, सही-शिक्क्यासकट घ्या.